ई-चलान : नोंद झाली, सुनावणीचे काय?

दहा वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रात वाहतुकीचा दंड हा समोरासमोरचा व्यवहार होता. चौकात हवालदार शिट्टी मारायचा, गाडी बाजूला घ्यायला लावायचा, लायसन्स मागायचा आणि पावती फाडायचा. त्यात वाद व्हायचे, विनवण्या व्हायच्या, चिरीमिरीही चालायची. पण आपण काय केले आणि किती पैसे द्यायचे, हे चालकाला तिथल्या तिथे कळायचे. आज बहुतेकांना दंड झाल्याचे मोबाइलवरच्या संदेशातून कळते. अनेकांपर्यंत तो संदेशही पोचत नाही. गाडी विकायला काढली की दोन-तीन वर्षांपूर्वीची चलाने एकदम समोर येतात आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी आपण त्या दिवशी होतो की नव्हतो, हेही आठवत नाही.

या बदलाभोवती गेली काही वर्षे बरीच चर्चा चालली आहे. चलानाला कायद्यात स्थान काय, ते किती दिवसांत मिळाले पाहिजे, चुकीचे असेल तर दाद कुठे मागायची, थकलेल्या रकमेचे काय करायचे आणि जिथे गाडी लावायला जागाच नाही तिथे पार्किंगचा दंड कितपत न्याय्य, असे हे प्रश्न आहेत. पोलीस, वाहतूकदार, वकील, रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी मंडळी, प्रत्येकाची बाजू वेगळी आहे आणि प्रत्येकीत तथ्य आहे. हा विषय पाहताना माझे एक मत मात्र पक्के होत गेले. गुन्हा नोंदवण्याची यंत्रणा झपाट्याने वाढली, चालकाचे ऐकून घेण्याची यंत्रणा त्या मानाने मागे राहिली, आणि बहुतेक भांडणांचे मूळ या अंतरात आहे.

कायदा इथवर कसा आला

मोटार वाहनांसाठीचा देशपातळीवरचा पहिला कायदा १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या तिसऱ्या कायद्यातले दंड तीस वर्षे जवळजवळ जागचे हलले नाहीत. कलम १७७ खाली, म्हणजे ज्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा कुठल्याही नियमभंगासाठी, पहिल्या वेळी १०० रुपये हीच कमाल मर्यादा होती. १९८९ साली १०० रुपये जाचक वाटत असतील. २०१९ साली त्यात दोघांचा नाश्ताही होत नव्हता.

२०१९ ची दुरुस्ती आली ती या पार्श्वभूमीवर. १ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यातल्या दंडाच्या तरतुदी अमलात आल्या. कलम १७७ चा दंड ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये झाला. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द, रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपये, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी ती वाढ होती. दरवर्षी १ एप्रिलला दंड दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकारही केंद्राने स्वतःकडे घेतला. कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड, हे कलम २१० ब तेव्हाच आले. लोकांना ते फारसे माहीत नाही, आणि माहीत असायला हवे.

राज्यांनी ही वाढ सहजासहजी पचवली नाही. गुजरातने त्याच सप्टेंबरमध्ये अनेक रकमा खाली आणल्या. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार मागितला आणि अंमलबजावणी लांबली. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की कायद्याने ठरवलेल्या रकमेखाली राज्यांना परस्पर जाता येणार नाही. महाराष्ट्राने सुधारित दर लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेही सगळे केंद्राच्या आकड्याबरहुकूम नव्हते. पुढे मे २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती जाहीर केली तेव्हा दंड ५०० रुपयेच सांगितला होता. केंद्र आणि राज्य यांच्यातली ही ओढाताण अजून पूर्ण मिटलेली नाही.

याच काळात साधनेही बदलत होती. मुंबईत शहरभर सीसीटीव्हीचे जाळे आणि ई-चलान दोन्ही २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. २०१९ मध्ये ‘एक राज्य एक ई-चलान’ ही राज्यव्यापी व्यवस्था आली, त्यामुळे नागपूरच्या गाडीचे चलान कोल्हापुरात निघाले तरी ते एकाच खात्यावर दिसू लागले. कायद्याच्या बाजूने याला आधार दिला तो २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १३६ अ ने. त्याखालचे नियम, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ, ऑगस्ट २०२१ मध्ये आले. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या २०१२ च्या जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाची रस्ता सुरक्षा समिती उभी राहिली आणि त्याच प्रकरणात कलम १३६ अ राबवा, असे न्यायालयाने राज्यांना बजावले. जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची नवी वाहतूक यंत्रणा सुरू झाली आणि चलानांचा ओघ आणखी वाढला.

चलान म्हणजे शिक्षा नव्हे

सर्वसाधारण समज असा, की चलान निघाले म्हणजे दंड झाला. कायद्यात तसे नाही. दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, पोलिसाचा नाही. कलम २०० खाली राज्य सरकार काही गुन्ह्यांसाठी तडजोड शुल्क ठरवून देते. चालकाने ते भरले की प्रकरण तिथेच संपते, पुढे खटला चालत नाही. म्हणजे चलान हा एक प्रस्ताव आहे: हा गुन्हा तुमच्या गाडीने केल्याचे आम्हाला दिसते, मान्य असेल तर इतके भरा आणि विषय मिटवा. मान्य नसेल, तर प्रकरण न्यायालयात पाठवणे आणि तिथे गुन्हा शाबित करणे हे पोलिसांचे काम.

संकेतस्थळावर चलानाचे पान उघडून पाहिले तर हा प्रस्ताव कसा मांडलेला असतो ते दिसते. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते. प्रत्येक ओळीत चलान क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कलम, रक्कम आणि फोटोची कडी असते. फोटो उघडला की एखाद्या स्कूटरचा मागचा भाग दिसतो, नंबरप्लेट ठळक, चालकाची पाठ, पुढचे चाक झेब्रा क्रॉसिंगवर. सिग्नल कुठल्या रंगाचा होता, ते अनेकदा त्या चौकटीत मावलेलेच नसते. पार्किंगच्या फोटोत गाडी दिसते, पण ‘नो पार्किंग’चा फलक तिच्यापासून किती अंतरावर होता, किंवा होता की नव्हता, ते कळत नाही. भरणा करण्याचे बटण मात्र प्रत्येक ओळीपुढे असते. मला या पानावर सर्वात जास्त खटकते ते हेच. पैसे भरण्याची वाट सरळ आहे आणि ‘मला हे मान्य नाही’ म्हणण्याची वाट शोधावी लागते.

न्यायालयाची वाटही आता काही अंशी आभासी झाली आहे. वाहतुकीच्या प्रकरणांसाठीचे महाराष्ट्रातले आभासी न्यायालय नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झाले. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ३१ ऑक्टोबर २०२० रोजी त्याचे उद्घाटन झाले. कबुली देऊन दंड भरणाऱ्याला यात हेलपाटा वाचतो. कबुली न देणाऱ्याला मात्र शेवटी नेहमीच्या न्यायालयातच उभे राहावे लागते, आणि पाचशे रुपयांसाठी एक दिवसाची रोजी बुडवणे किती जणांना परवडेल, हा साधा हिशेब आहे.

किती दिवसांत, आणि कोणाला

मुदतीबाबत कायद्यात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. कलम २०९ हे जुने कलम अतिवेग आणि धोकादायक चालवणे या दोन गुन्ह्यांपुरते आहे. चालकाला जागेवर ताकीद दिलेली असली पाहिजे, किंवा चौदा दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस त्याला किंवा मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असली पाहिजे, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असले पाहिजे. एरवी शिक्षा होऊ शकत नाही. २०२१ चा नियम १६७ अ कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी सांगतो की नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत चित्रण जपून ठेवावे. कॅमेऱ्याच्या यंत्राला सक्षम प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे आणि इथे कॅमेऱ्याने लक्ष ठेवले जाते असा फलक लोकांना दिसेल असा लावायला हवा, याही अटी त्याच नियमात आहेत.

आता प्रत्यक्षात काय होते? संदेश जातो तो परिवहन खात्याच्या नोंदीतल्या मोबाइल क्रमांकावर. ती नोंद जुनी असते, गाडी दुसऱ्याने विकत घेतलेली असते, किंवा गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकून दिलेला असतो. संदेश ‘पाठवला’ म्हणजे नोटीस ‘मिळाली’ असे धरायचे का, यावर एकमत नाही. पोलिसांचे म्हणणे असे की नोंद अद्ययावत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि कोणीही केव्हाही संकेतस्थळावर पाहू शकतो. वकिलांचे म्हणणे असे की ज्या नोटिशीवर माणसाचे लायसन्स जाऊ शकते, ती शोधून काढण्याचे ओझे त्याच्यावर टाकता येणार नाही.

दुसरा गुंता मालक आणि चालक यांचा. कॅमेरा नंबर टिपतो, माणूस टिपत नाही. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होते ते सांगण्याचे बंधन मालकावर आहे. घरात एकच स्कूटर आणि चालवणारे तिघे, असे असले तर निदान घरातल्या घरात कळते. टॅक्सीवर पाळीने चालक ठेवणारा, भाड्याने दुचाकी देणारा, ट्रकचा मालक यांच्यासाठी मात्र हा रोजचा ताप आहे. चलान मालकाच्या नावावर चढते, ज्याने सिग्नल तोडला तो चालक सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गावी गेलेला असतो.

तिसरा मुद्दा कालमर्यादेचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत दखल घ्यायला हवी, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आली आहे. मग जे चलान तीन वर्षे नुसतेच संकेतस्थळावर पडून आहे, न्यायालयात कधी दाखलच झालेले नाही, ते वसूल करता येईल का? अनेक वकील नाही म्हणतात. उलट बाजूचे उत्तर असे की विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि तडजोड शुल्क स्वेच्छेने भरायला मुदत आडवी येत नाही. दोन्ही म्हणणी कायद्याला धरूनच आहेत, त्यामुळे सामान्य माणूस अधिकच गोंधळतो.

दुसऱ्याचे पाप आपल्या नंबरावर

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कुलाब्याला ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन एर्टिगा गाड्या दिसल्या. खऱ्या मालकाला आपण न केलेल्या गुन्ह्यांची चलाने काही काळापासून येत होती. त्या दिवशी आपलाच नंबर लावलेली दुसरी गाडी त्याला डोळ्यांसमोर दिसली आणि त्याने पोलिसांना बोलावले. दुसऱ्या गाडीच्या चालकाने कर्जवसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी नंबरातला आकडा बदलला होता, असे चौकशीत पुढे आले. ही गोष्ट उघड झाली ती दोन्ही गाड्या योगायोगाने एका जागी आल्या म्हणून. एरवी आपली गाडी त्या वेळी तिथे नव्हती हे त्या मालकाने कसे दाखवून दिले असते, हा विचार प्रत्येक वाहनमालकाने करून पाहावा. ‘होते’ हे सिद्ध करायला एक फोटो पुरतो, ‘नव्हते’ हे सिद्ध करायला काहीच हाताशी नसते.

बनावट नंबरप्लेटला उत्तर म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवण्याची मुदत महाराष्ट्रात २०२५ या एका वर्षात अनेकदा वाढवावी लागली. सगळ्या गाड्यांवर ती बसली तरी वाचनातली चूक राहतेच. अर्धवट पुसलेला आकडा यंत्र भलताच वाचते, आणि कोल्हापुरातल्या मोटारसायकलचे चलान नाशिकच्या कारला जाते. अशा ठिकाणी फोटोतली गाडीच वेगळी दिसते, म्हणून ती तक्रार त्यातल्या त्यात लवकर सुटते.

अधिक वादाचे ठरले ते पोलिसांच्या हातातल्या खासगी मोबाइलवरून काढलेले फोटो. ते यंत्र प्रमाणित नाही, फोटोची वेळ आणि जागा यांची खात्री नाही, आणि तो काढल्यानंतर किती तासांनी यंत्रणेत चढवला हेही कळत नाही, हे आक्षेप वजनदार होते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने परिपत्रक काढून खासगी मोबाइल वापरण्यास मनाई केली. आक्षेपात तथ्य होते याची ही एक प्रकारे कबुलीच होती. पण त्याआधी अशा फोटोंवर निघालेल्या चलानांचे काय, हा प्रश्न त्या परिपत्रकाने सुटला नाही.

चुकीच्या चलानाविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर आहे. ती तपासतात मात्र वाहतूक पोलीसच. ज्या खात्याने चलान काढले त्याच खात्याने ते योग्य की अयोग्य ठरवायचे, ही या रचनेतली मोठी उणीव आहे, असे मला वाटते. तिथल्या अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण तक्रार फेटाळली तर कारण लिहून मिळावे आणि त्यावर तिऱ्हाइताकडे जाता यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

याच गोंधळाचा फायदा भामट्यांनी उचलला. ‘तुमचे चलान थकले आहे’ असा संदेश, सोबत एक एपीके फाइल, ती उघडली की बँक खाते रिकामे, असे प्रकार देशभर झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडू नये आणि भरणा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणाऱ्या सरकारी पत्त्यावरच करावा, हे इथे सांगणे आवश्यक आहे.

चार बाजू

पोलिसांची बाजू आकड्यांवर उभी आहे आणि ते आकडे भयंकर आहेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. देशातल्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर नोंदले आहेत. हेल्मेट नसलेले ५० हजारांहून अधिक जण त्या एका वर्षात दगावले. इतक्या गाड्यांना चौकाचौकात थांबवायला मनुष्यबळ नाही, थांबवले तर वाहतूक तुंबते, आणि हातात पैसे न आल्याने भ्रष्टाचाराची एक मोठी वाट बंद होते, असे त्यांचे म्हणणे. शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. चौकातली चिरीमिरी कमी होणे हा लहान फायदा नाही.

वाहतूकदारांची बाजू २०२५ च्या जुलैत राज्यभर गाजली. ट्रक, टँकर, बसवाल्यांच्या कृती समितीने ई-चलानाविरुद्ध बेमुदत बंद पुकारला. जुनी थकबाकी माफ करा, सक्तीची वसुली थांबवा, या त्यांच्या मुख्य मागण्या. त्यांच्या तक्रारीतला एक भाग समजून घेण्यासारखा आहे. माल भरायला-उतरवायला शहरात ठरलेली जागा नसते, दुकानासमोर ट्रक लावला की पार्किंगचे चलान, न लावला तर माल उतरत नाही. द्रुतगती मार्गाच्या घाटात अवजड गाड्यांसाठी ठरवलेली वेगमर्यादा उतारावर भरलेल्या गाडीला पाळणे कठीण जाते, अशीही त्यांची तक्रार होती. दुसरीकडे त्याच घाटात ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात आठवले, की वेगमर्यादा सैल करा म्हणताना कोणीही कचरेल.

वकील आणि नागरिकांच्या संघटना प्रक्रियेवर बोट ठेवतात: प्रमाणपत्र नसलेले यंत्र, फलक नसलेला रस्ता, मुदतीत न आलेली नोटीस. कलम ११५ आणि ११७ खालच्या निर्बंधांचे फलक लावण्याची तरतूद कलम ११६ मध्ये आहे, मग फलक नसेल तर निर्बंध कळणार कसा?

चौथी बाजू पायी चालणाऱ्यांची. ती क्वचित ऐकू येते, कारण त्यांची संघटना नाही. पदपथावर चढवलेल्या दुचाकींमुळे म्हातारी माणसे रस्त्यावरून चालतात, दृष्टिहीन माणसाची काठी गाडीच्या चाकाला अडते. चलानावर तक्रारी मांडताना आपण बहुतेक वेळा गाडीत बसूनच बोलत असतो, आणि या लेखावरही ते बंधन आहेच.

गोव्याने आपले वेगळे प्रयोग केले. २०१७ मध्ये पोलिसांनी सुरू केलेल्या योजनेत नागरिकांनी नियम मोडणाऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि त्यावर गुण मिळवून बक्षीस घ्यायचे, अशी सोय होती. शेजाऱ्यानेच शेजाऱ्यावर पाळत ठेवण्याचा हा प्रकार अनेकांना रुचला नाही आणि त्यावरून बराच वाद झाला. २०२३ च्या जूनमध्ये मेरशीच्या चौकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सिग्नल बसला. त्याच महिन्यात केरळने राज्यभर ७२६ कॅमेरे कामाला लावले. पश्चिम किनारा अशा रीतीने एकाच दिशेने चालला आहे.

पार्किंगचा वेगळा प्रश्न

सिग्नल तोडणाऱ्यापुढे थांबण्याचा पर्याय असतो. पार्किंगचे तसे नाही, आणि म्हणून तो दंड वेगळा तपासावा लागतो. गाडी कुठे लावता येईल ते ठरवताना पोलीस आणि महापालिका दोघांचा संबंध येतो. जागा उभारायची पालिकेने, दंड करायचा पोलिसांनी, आणि दोघांच्या मध्ये चालक.

मुंबई महापालिकेने ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना ५,००० पासून २३,२५० रुपयांपर्यंत दंड सुरू केला. वाहनतळ रिकामे आणि रस्ते भरलेले, हे चित्र बदलायचे होते. पण ज्या जुन्या चाळी आणि इमारती बांधल्या तेव्हा आवारात गाडीची कल्पनाच नव्हती, तिथल्या रहिवाशांनी जायचे कुठे, हा सवाल लगेच उभा राहिला. पुण्यात उलटे झाले. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, मग राजकीय विरोध झाला आणि ते घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. तोवर सम-विषम तारखांच्या फलकांवर काम भागवले जाते, आणि तारीख विसरलेल्याची दुचाकी उचलली जाते.

टोइंगचे नियम कागदावर स्पष्ट आहेत. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागेवरची, किंवा दहा तास बेवारस उभी असलेली गाडी उचलण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातल्या पोलिसाने द्यायचा असतो. ठेकेदाराची मुले तो देऊ शकत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला आई आणि तान्हे मूल आत असताना कार ओढून नेली गेली आणि पोलीस शिपाई निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत चालक बसलेला असताना दुचाकी क्रेनने उचलली. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवले. ठेकेदाराला उचललेल्या गाडीमागे पैसे मिळत असतील, तर जी सहज उचलता येते ती दुचाकी उचलली जाणार आणि वाट अडवणारी मोठी गाडी तिथेच राहणार, ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे.

मुळाशी जाणारा उपाय म्हणून पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय गाडीची नोंदणी करू नये, असा विचार मांडला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, जागा नसेल तर एका कुटुंबाला चार-पाच गाड्या कशाला, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तसे धोरण आणण्याचे जाहीर केले. बांधकाम व्यावसायिक आणि वाहन विक्रेते दोघांनाही ते जड जाणार आहे, आणि खोटे दाखले निघण्याची भीतीही आहेच.

ब्रिटनमध्ये पार्किंगचा बहुतेक भाग फौजदारी कायद्यातून बाहेर काढला गेला. १९९१ च्या कायद्याने लंडनपासून सुरुवात झाली. तिथली नोटीस स्थानिक पालिका काढते, चौदा दिवसांत भरल्यास सहसा निम्मी रक्कम लागते, पालिकेने हरकत फेटाळली तर स्वतंत्र निवाडाधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. लंडनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नोटिशींची पाकिटे चांगली परिचयाची आहेत. तिथेही खासगी वाहनतळांच्या मनमानीबद्दल ओरड आहे. पण तिऱ्हाईत ऐकणारा आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच जागा मोकळी आहे.

थकबाकी आणि सवलत

राज्यात आकारलेल्या ई-चलानांची मोठी रक्कम भरलीच जात नाही. यावर सवलतीचा उपाय अनेक राज्यांनी केला. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींना ७५ टक्क्यांपर्यंत सूट दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली तेव्हा काही दिवसांत शंभर कोटींहून अधिक जमा झाले. उत्तर प्रदेशाने तर २०१७ ते २०२१ मधली चलानेच रद्द केली. महाराष्ट्रात हे काम बरेचसे लोकअदालतीतून होत आले. दाखलपूर्व प्रकरण म्हणून नोटीस येते, तडजोड होते, रक्कम कमी होते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

तिजोरीत पैसे येतात, न्यायालयांवरचा भार हलका होतो, गरीब रिक्षावाला सुटतो, हे सवलतीच्या बाजूचे. विरुद्ध बाजूचे असे की ज्याने वेळेवर भरले तो मूर्ख ठरतो आणि पुढच्या सवलतीची वाट पाहण्याची सवय लागते. तेलंगणाला दोन वर्षांत दुसऱ्यांदा सूट द्यावी लागली, हे या दुसऱ्या मुद्द्याला बळ देते. माझा आक्षेप वेगळा आहे. लोकअदालतीत रकमेची घासाघीस होते, गुन्हा घडला की नाही याचा निवाडा होत नाही. ज्याने काहीच केले नाही त्यालाही तिथे निम्मे पैसे भरून मोकळे होण्याचा मोह पडतो.

जे ठरायचे आहे

नोटीस मिळाल्यापासून हरकत घ्यायला किती दिवस, उत्तर न दिल्यास चलान मान्य धरायचे का, किती गुन्ह्यांनंतर लायसन्स निलंबित करायचे, यांबाबत केंद्राच्या नियमांत फेरबदल होत आले आहेत. त्यामुळे प्रत्येकाने आपल्या तारखेला लागू असलेला नियम पाहावा. मौन म्हणजे कबुली असे धरायचे असेल, तर नोटीस खरोखर हातात पडल्याची खात्री आधी हवी. हरकत ऐकणारा अधिकारी वाहतूक पोलिसांच्या साखळीबाहेरचा असावा की आतला, पार्किंगचा दंड फौजदारी कक्षेत ठेवावा की पालिकेकडे द्यावा, आणि सायकलवजा मोपेडला व पंचवीस लाखांच्या गाडीला नो पार्किंगसाठी सारखाच दंड असावा का, या तिन्ही गोष्टींवर गंभीर चर्चा अजून विधिमंडळात व्हायची आहे.

तोवर ज्याला चलान मान्य नाही त्याच्या हातात थोडे आहे, पण काहीच नाही असे नाही. संकेतस्थळावरचा फोटो उतरवून ठेवावा, कारण भांडण त्याच्यावरच होणार आहे. गुन्ह्याची तारीख आणि नोटीस मिळाल्याची तारीख यांतले अंतर लिहून ठेवावे. त्या जागी फलक होता का, ते लगेच जाऊन पाहावे आणि त्याचाही फोटो घ्यावा. टोलची पावती, पेट्रोल पंपाचे बिल, कामावरची हजेरी, यांतले जे सापडेल ते जोडून तक्रार लेखी नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपावा. गाडी विकली असेल तर आरसी नव्या मालकाच्या नावावर चढली की नाही, ते स्वतः पाहावे. आणि तक्रार प्रलंबित असताना लोकअदालतीची नोटीस आली, तर तिथे तडजोड केली की वाद कायमचा संपतो, हे लक्षात ठेवून मगच सही करावी.